जावयाचा ब्रश, गावचा वस्तरा

मंडळी, आजचा विषय कळला तेव्हा काहींना वाटलं, आम्ही थट्टा करतोय. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश भेट म्हणून कसा निवडावा, यावर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने तासभर बोलायचं! पण हा प्रश्न आम्ही शोधून काढलेला नाही, तो इथलाच आहे. धोंड्याचा महिना आला की जांब्यात, मारुंजीत, नेऱ्यात, हिंजवडीपर्यंत घरोघर एकच खल सुरू होतो: जावयाला काय द्यायचं? तेहतीस अनारसे ठरलेले, चांदीचं काहीतरी ठरलेलं, कपडे ठरलेले. पण आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या जावयाकडे सगळंच असतं. मग कुणीतरी मोबाइलवर दाखवतं, लाकडी पेटीतला दाढीचा संच: जड मुठीचा रेझर, वाटी, साबण आणि बॅजरच्या केसांचा ब्रश. किंमत पाहून सासरेबुवा चष्मा पुसतात. एवढुशा ब्रशाला एवढे पैसे? आणि हा बॅजर म्हणजे कोण?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरं देऊच. पण त्या उत्तरांच्या मागे एक मोठा प्रश्न उभा आहे. आपल्याकडे पुरुषाच्या चेहऱ्याला हात कुणी लावायचा, कुणाला लावायचा आणि कुणाला लावायचा नाही, हे शतकानुशतकं ठरलेलं होतं. ती व्यवस्था हलल्यावर हा ब्रश आपल्या घरात आला. तेव्हा जावयाला ब्रश देणं ही दिसते तितकी साधी भेट नाही. याच बाजूने आपण या वस्तूकडे पाहू.

आधी प्राणी. बॅजर हा आखूड पायांचा, बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला जीव. युरोपात आहे, चीनकडे त्याचे भाऊबंद आहेत. आपल्या सह्याद्रीत तो नाही, म्हणून मराठीत त्याला घरचं नावही नाही. आपल्याकडे आहे ते चांदी अस्वल, ज्याला बिज्जूही म्हणतात. ते बॅजरच्या लांबच्या गोतावळ्यातलं, फार क्वचित दिसणारं आणि कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित. त्याच्या केसांचा ब्रश कुणी करत नाही, करूही नये. फ्रेंच भाषेत मात्र गंमत आहे. तिथे बॅजरला ‘ब्लेरो’ म्हणतात आणि दाढीच्या ब्रशालाही ‘ब्लेरो’च म्हणतात. प्राणी आणि वस्तू एका शब्दात गेले, इतकी त्यांची सांगड पडली.

आता त्याच्या केसांत असं काय आहे? बॅजरचा केस मध्ये जाड आणि टोकाला निमुळता असतो. त्यामुळे कण्यात ताठपणा राहतो आणि टोक गालाला मऊ लागतं. असे शेकडो केस एकत्र बांधले की त्यांच्यामध्ये पाणी धरून राहतं, आणि साबणाचा फेस व्हायला पाणीच लागतं. डुकराचा केस राठ. सुरुवातीला टोचतो, वापरता वापरता टोकं फुटून मऊ होतो. घोड्याचा केस या दोघांच्या मधला. बॅजरच्या केसावर पट्टे असतात: टोक पांढरं, मध्ये काळा पट्टा, खाली पुन्हा फिकट. हा पट्टा ध्यानात ठेवा, पुढे त्याची एक भयंकर गोष्ट सांगायची आहे.

आता इतिहासाकडे येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात हा ब्रश होता का? बहुतेकांच्या घरात ब्रश नव्हता आणि वस्तराही नव्हता. ही हत्यारं असायची न्हाव्याच्या धोपटीत. धोपटी म्हणजे चामड्याची गुंडाळी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, वाटी. बारा बलुतेदारांत न्हावी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना ही सगळी रचना ठाऊक आहे. रोखीचा व्यवहार नाही. वर्षभर सेवा आणि सुगीत खळ्यावर धान्य. ओसरीवर किंवा पाराखाली दोघं समोरासमोर उकिडवे बसायचे, एकाच्या हातात वस्तरा, दुसऱ्याच्या हातात आरसा. लग्नात, मुंजीत, सुतकात त्याच्यावाचून पान हलत नसे. लौकिक शब्द हजामत, सोवळा शब्द श्मश्रू, पण हात एकच.

त्या धोपटीत ब्रश नव्हता, हे आम्ही कशावरून म्हणतो? संत सेना महाराजांचा एक अभंग वारकऱ्यांना पाठ असतो. आपल्या धंद्याची हत्यारं आणि कामं त्यांनी एकेक करून परमार्थाला जुंपली आहेत. विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, डोक्याला चोळायचं शांतीचं पाणी. मग शेंडी, काखा, नखं. धंद्याची इतकी बारीक यादी असून तिच्यात साबण नाही आणि ब्रशही नाही. दाढी किंवा डोकं मऊ करायचं ते पाण्याने, हाताने चोळून. आपली भाषाही याला साक्ष आहे. एखाद्याची फजिती केली की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्याने केली. बिनसाबणाने केली असं कुणी म्हणत नाही, कारण साबण हा पुढचा चोचला. पाणी हीच दयामाया होती.

ब्रश येण्यापूर्वी ते काम बोटं करत. ब्रश हे बोटाच्या जागी आलेलं साधन आहे, हे लक्षात घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं. बोट कुणाचं, हा आपल्या समाजात कधीच साधा प्रश्न नव्हता.

त्याच अभंगाच्या शेवटी सेना महाराज चारही वर्णांची सेवा केल्याचं समाधान बोलून दाखवतात. चार वर्ण म्हणजे अवघा समाज, असं म्हणण्याची त्या काळची बोलीच होती. सेना महाराजांच्या मनात कुणाला वगळायचं होतं असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. वारकरी संतांत ते चोखोबांच्या पंगतीला बसणारे आहेत. पण गाव त्या चारांचा हिशोब फार काटेकोर ठेवत होतं. चारांच्या बाहेर जे होते त्यांच्या डोक्यापर्यंत न्हाव्याचा हात पोचत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी त्यांच्या निधनानंतर, १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यात साताऱ्यातल्या लहानपणाविषयी ते सांगतात, की आमचे केस मोठी बहीण काढायची. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, आणि त्यांना द्यायला पैसे नव्हते असंही नाही. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. बस्स, एवढंच. मोठा अत्याचाराचा प्रसंग नाही, मारहाण नाही. बहीण कात्री घेऊन बसली आहे आणि समोर भाऊ बसला आहे. पण त्या मुलाला त्या वयात हे कळलेलं होतं की बहीण माझे केस का काढते.

मंडळी, इथे जरा थांबू. आपण सगळे असं धरून चालतो की घरच्या घरी दाढी करणं, केस काढणं ही सुधारणा. इंग्रजी शिकलेला कारकून, पांढरपेशा, शहरात राहायला गेलेला, त्याने ती आणली. आरशासमोर उभा राहून स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस म्हणजे स्वावलंबी, आधुनिक माणूस. पण या महाराष्ट्रात, त्या कारकुनाच्या आधीपासून, किती घरांत हे काम घरातल्यांच्याच हातांनी होत होतं! ते स्वावलंबन नव्हतं, बहिष्कार होता. कृती तीच, कात्री तीच, आणि तरी अर्थ अगदी उलटा. आम्ही आयुष्यभर वर्गात स्वातंत्र्य म्हणजे काय यावर बोललो. त्या सगळ्या व्याख्यांपेक्षा साताऱ्याचं हे उदाहरण अधिक नेमकं आहे. एखादी गोष्ट मी स्वतः करतो, एवढ्यावरून मी स्वतंत्र ठरत नाही. ती दुसऱ्याकडून करून घेण्याची वाट मला उघडी होती का, हे पाहावं लागतं.

आता न्हाव्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. तसं करू नका. महात्मा गांधी बॅरिस्टर म्हणून दक्षिण आफ्रिकेत होते. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी कात्री विकत घेतली आणि आरशात पाहून स्वतःच केस कापले. मागची बाजू इतकी बिघडली की कोर्टात मित्रांनी चेष्टा केली. आत्मकथेत हा प्रसंग आहे. पण गांधीजी तिथे थांबत नाहीत. ते म्हणतात, त्या न्हाव्याचा दोष नव्हता. काळ्या माणसाची सेवा केली असती तर त्याची बाकीची गिऱ्हाइकं तुटली असती. आणि लगेच पुढे: आपण तरी आपल्या न्हाव्यांना आपल्या अस्पृश्य बांधवांचे केस कुठे कापू देतो? ‘आपण कापू देत नाही’ या शब्दांत सगळं येतं. नकार न्हाव्याच्या तोंडून बाहेर पडतो, पण तो तयार होतो इतर गिऱ्हाइकांच्या ओसरीवर. न्हाव्याचं सुगीचं धान्य त्यांच्या हातात होतं.

जिथे हात नको होता तिथे मात्र तोच हात जबरदस्तीने नेला जाई. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या इतर काही जातींतल्या विधवा बायका. नवरा गेला की डोक्यावरचे केस काढायचे, आणि ते एकदा नाही, जन्मभर. पोरवयातल्या मुलींवरही ही पाळी येई. एका बाजूला असा मुलगा, ज्याचे केस कापायला न्हावी येत नाही. दुसऱ्या बाजूला अशी मुलगी, जिला न्हावी नको आहे आणि तो दर काही दिवसांनी येतोच. दोन्हीकडे निर्णय तिसराच कुणी घेतो.

१८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. त्यामागे ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. या घटनेला आपण समाजसुधारणेच्या इतिहासात एक-दोन ओळी देतो. आमच्या मते तिची किंमत त्याहून पुष्कळ जास्त आहे. केशवपनावर आगरकर लिहीत होते, इतरही सुशिक्षित लिहीत होते, वाद होत होते, शास्त्रार्थ होत होते. हे सगळे बोलणारे लोक होते. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. आणि एक दिवस तेच उठून म्हणाले, आमचा हात आमचा आहे. ज्याला गाव सेवक समजत होतं, त्याने सेवेतला एक भाग नाकारून दाखवला. मिळकत बुडवून दाखवला, हेही विसरू नका. तेव्हा नकार नेहमी वाईट आणि सेवा नेहमी चांगली असं काही म्हणता येत नाही. साताऱ्यातला नकार आणि मुंबईतला नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात न्हावी दुसऱ्यांचा निर्णय पार पाडत होता, दुसऱ्यात त्याने पहिल्यांदा स्वतःचा घेतला.

या कथेचा शेवटचा धागा कायद्यात सापडतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा चालू होती. दुकानांत प्रवेश नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा प्रश्न आला की ‘दुकान’ म्हणजे नक्की काय काय? डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं, की हा शब्द अगदी व्यापक अर्थाने घ्यायचा. जिथे कुणी आपली सेवा द्यायला बसला आहे आणि लोक ती मागायला जाऊ शकतात, ती प्रत्येक जागा म्हणजे दुकान. पुढे १९५५ साली अस्पृश्यताविरोधी कायदा झाला. आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात तो हाच. त्यातल्या ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केस कापायच्या सलूनचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याची कलमं आपल्याला कोरडी वाटतात. साताऱ्यातली ती बहीण आणि तिच्या हातातली कात्री आठवा, आणि मग ती व्याख्या वाचा.

बरं, मग ब्रश कुठून आला? तो आला साहेबाबरोबर, पण साहेबाच्या बंगल्यातून सामान्य घरात यायला दुसरी एक गोष्ट व्हावी लागली. उघडा वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालवणं हे कसबाचं काम. ते सोपं केलं किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने. बोथट झालं की फेकून द्यायचं पातं, दोन धारांचं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले. लाखो तरुण पुरुष रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले ते खंदकांत. परत आले ते ती सवय घेऊन. आपल्याकडे हे पातं हळूहळू कचेऱ्यांतून, रेल्वेतून, चाळींतून पसरलं. ‘सेव्हन ओ’क्लॉक’, ‘टोपाझ’, ‘पनामा’ ही नावं इथल्या अनेकांना आठवत असतील. पात्याच्या पाकिटाबरोबर ब्रश, गोल साबण आणि खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा आला.

आता त्या काळ्या पट्ट्याची गोष्ट. युद्धाच्या आधी बॅजरचे आणि घोड्याचे केस पूर्वेकडून, रशिया-चीनकडून निघत आणि त्यातले पुष्कळ जर्मनीत साफ होऊन, निर्जंतुक होऊन पुढे जात. युद्धाने ती वाट बंद झाली. ब्रशांची मागणी तर सैन्यामुळे अफाट वाढलेली. मग घोड्याचे स्वस्त केस घ्यायचे, रंग देऊन त्यांच्यावर बॅजरसारखा पट्टा काढायचा आणि ‘नकली बॅजर’ म्हणून विकायचे, असा धंदा जोरात चालला. त्या केसांबरोबर अँथ्रॅक्स आला. आपले शेतकरी या रोगाला काळपुळी म्हणतात, काही ठिकाणी फाशी म्हणतात. त्याचे बीजाणू केसांत, कातड्यात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. दाढी करताना कातडीला बारीक चिरा पडतातच. त्यातून ते आत जायचे आणि गालावर, मानेवर काळी पुळी उठायची. ब्रिटन-अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून असे दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतले बरेच दगावले. १९२० साली ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. लोकांना बॅजर हवा होता तो प्रतिष्ठेसाठी, आणि त्या प्रतिष्ठेची नक्कल जिवावर बेतली. आजच्या ब्रशांचे केस निर्जंतुक केलेले असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण पट्टा पाहून भुलू नये, एवढं शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं आहे.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. प्राण्याचं काहीतरी तोंडाला लावायचं, याबद्दलची आपली अढी जुनी आहे. १८५७ च्या काडतुसांपर्यंत मागे जायला नको, साबणाचंच पाहा. विलायती साबणात चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं तो शिवत नसत. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पतीच्या तेलाचा साबण बाजारात आणला, तो स्वदेशीच्या काळात घरोघर गेला, आणि पुढे गोदरेजचा दाढीचा साबणही पुष्कळ घरांत दिसू लागला. म्हणजे साबण शाकाहारी झाला. पण त्यावर फिरवायचा ब्रश मात्र डुकराच्या केसांचा, आणि ते कुणी विचारत नव्हतं! हे आम्हाला फार मजेशीर वाटतं. विटाळाचे नियम जितके कडक, तितके ते सोयीने आंधळेही असतात. माणसाचा स्पर्श चालत नाही अशा घरात डुकराचा केस रोज सकाळी गालावरून फिरत होता. (हशा.) हसू नका, हे खरं आहे.

आणि मुंगूस. आपल्या देशात मुंगसाचे केस वापरायची रीत पडली, मुख्यतः चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी आणि काही प्रमाणात दाढीच्या ब्रशांसाठीही. एका मुंगसापासून उपयोगी केस निघतात ते काही ग्रॅम. तेवढ्यासाठी ते मारलं जातं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. २००२ मध्ये मुंगसाला त्यात दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात घालून संरक्षण वाढवलं गेलं. मुंगसाच्या केसांचा ब्रश विकणं गुन्हा आहे, बाळगणंही गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवणाऱ्यांचं गाव. तिथे आज कृत्रिम धाग्याचे चांगले ब्रश होतात आणि कारागिरांचं पोटही त्यावर चालतं. म्हणून बाजारात एखाद्या ब्रशावर नुसतं ‘नैसर्गिक केस’ असं लिहिलेलं असेल आणि प्राण्याचं नाव नसेल, तर तो ब्रश घेऊ नका, मग तो कितीही सुरेख असो.

आता इथलं, जांब्याचं. हे गाव मुळशी तालुक्यातलं, पण त्याचं तोंड पिंपरी-चिंचवडकडे वळलेलं आहे. महापालिकेत घ्यायचं की नाही याची चर्चा काही वर्षं चालू आहे. रस्त्यावर दोन तऱ्हेची दुकानं शेजारी शेजारी दिसतात: एकात काचेचं दार, एसी आणि दाढीला तीन प्रकारची पॅकेजं, दुसऱ्यात लाकडी खुर्ची, रेडिओ, भिंतीवर सेना महाराजांची तसबीर. बलुतं गेलं, सुगीचं धान्य गेलं, दोन्हीकडे रोख पैसे किंवा क्यूआर कोड. वस्तऱ्यात अर्धं पातं, प्रत्येकाला नवं. एक ब्रश मात्र अजून सगळ्यांच्या गालांवरून फिरतो, जिथे फेसाचा डबा आला नसेल तिथे. कोणत्या घरचं गिऱ्हाईक आधी बसलं होतं, हे विचारायची सोय त्या खुर्चीत उरली नाही, आणि ही गोष्ट लहान नाही. सगळ्या गावांत, सगळ्या तालुक्यांत हे झालंय असा दावा आम्ही करणार नाही. अजूनही वर्तमानपत्रात अधूनमधून एखाद्या गावच्या सलूनची बातमी येते आणि ती वाचून मान खाली जाते.

२०२० चं टाळेबंदीचं वर्ष आठवा. मार्चपासून सलून बंद. नाभिक संघटना सरकारकडे मदत मागत होत्या. २८ जूनपासून महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली, पण फक्त केस कापायला, दाढीला नाही. चेहऱ्याला हात लावणं सरकारी आदेशाने बंद! सारा महाराष्ट्र घरच्या घरी दाढी करू लागला, बायका नवऱ्यांचे केस कापू लागल्या, त्याचे फोटो एकमेकांना पाठवू लागल्या. गंमत म्हणून. साताऱ्यातल्या त्या बहिणीचा फोटो कुणी काढलेला नाही. त्या तीन-चार महिन्यांत बऱ्याच पुरुषांनी चांगला ब्रश आणि जड रेझर विकत घेतला, आणि पुष्कळ नाभिकांच्या घरची चूल त्याच महिन्यांत थंड होती. आमच्या जावयाच्या पेटीला हाही इतिहास चिकटलेला आहे.

तर मग ती पेटी घ्यावी का? सासरेबुवांना आम्ही पुढीलप्रमाणे सांगू.

सगळ्यात आधी जावयाच्या तोंडाकडे नीट पाहा. आजकाल आयटीतली निम्मी मुलं दाढी राखतात. त्याला ब्रश दिलात तर तो टेबलावर शोभेला उभा राहील. दुसरं, तो घरी दाढी करतो की सलूनमध्ये जातो, हे लेकीला विचारा. तो दर आठवड्याला आवडीने सलूनमध्ये जात असेल, तिथे त्याच्या दोन गप्पा होत असतील, तर त्याला तिथून तोडायचं काही कारण नाही.

घरी करत असेल तर ब्रश ही उत्तम भेट आहे, कारण ती रोज हातात येते. पण बॅजरचा देऊ नका. कायद्याची अडचण म्हणून सांगत नाही. आज जगातले बॅजरचे बहुतेक केस चीनमधून येतात. विक्रेते म्हणतात, तिथे हा प्राणी पिकांची नासधूस करतो, मारला जातोच, केस हे त्याचं उपउत्पादन. प्राणिहक्क संस्थांनी तिथल्या पिंजऱ्यांची जी चित्रं बाहेर आणली ती पाहिल्यावर या म्हणण्यावर आमचा विश्वास बसत नाही, आणि काही मोठ्या कंपन्यांचाही बसला नाही. त्यांनी बॅजर वापरणं सोडलं. युरोपात बॅजरला कायद्याचं संरक्षण देणारे देश आहेत. ब्रिटनमध्ये १९९२ चा त्याच्या नावाचा स्वतंत्र कायदाच आहे. म्हणजे स्वतःच्या रानातला बॅजर जपायचा आणि दुसऱ्याच्या देशातल्या बॅजरचा ब्रश करायचा. ही पद्धत आपल्याला ओळखीची वाटायला हरकत नाही. शिवाय ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ अशा ज्या प्रती सांगतात, त्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. एका कारखान्याचं ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘प्युअर’सारखं असू शकतं. पैसे देताना आपण बरेचदा शब्दाचे देतो.

कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा तो नायलॉनचा झाडू राहिलेला नाही. आताचा धागा टोकाला निमुळता, मऊ, थोड्या साबणात भरपूर फेस करणारा असतो. त्यावरही बॅजरसारखा काळा पट्टा रंगवलेला दिसेल, म्हणजे नक्कल अजून संपलेली नाही. पण निदान ती आता उघड आहे. केसांच्या झुपक्याची जाडी बुडाशी २२ ते २४ मिलिमीटर असली की बऱ्याच चेहऱ्यांना पुरते. मूठ ओल्या हातातून निसटणार नाही अशी घ्या. चकचकीत गुळगुळीत मूठ दुकानात छान दिसते आणि सकाळी घाईत फरशीवर पडते. आधी आपल्या हातात धरून पाहा.

आणखी एक, मुळशीकरांसाठी खास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. ब्रश वापरून झाला की साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचा, झटकायचा, टॉवेलवर दोनदा फिरवायचा आणि हवा लागेल असा उभा किंवा उलटा टांगून ठेवायचा. लाकडी पेटीत ओला ब्रश बंद केला तर आठ दिवसांत कुबट वास येतो. पेटीतल्या संचाची ही मोठी खोड. पेटी फोटोसाठी असते. म्हणून पेटीचे पैसे वाचवा आणि त्याच पैशांत स्टीलचा साधा स्टँड घ्या.

कुणाचे काही प्रश्न असतील तर आता घेऊ.